कागदाच्या भिंतीवर चाक

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

ही डायरी गेल्या वर्षीची आहे. बटाट्याच्या बियाण्याच्या दुकानातून माझ्या नवऱ्याला, अनानियासला, दरवर्षी फुकट मिळायची. तो गेल्यावरही दुकानवाल्याने सवयीने पाठवली, ती कोरी राहिली. छापलेले वार चुकतात, ते खोडून मी माझे लिहिते. आरोग्य केंद्रातली पोरगी म्हणायची, "दोन्या ओदिली, रोज चार ओळी लिहा, डोकं ताजं राहतं." माझं डोकं ताजंच आहे. पण आज लिहायला कारण झालं.

आज डोंगरावरच्या तिएरा ब्लांका गावातलं घर सोडलं. मागची टेकडी तडकली आहे, आणखी पाऊस झाला की खाली येईल, असं तपासायला आलेली माणसं म्हणाली. टेकडी माझ्या ओळखीची आहे, ती एवढ्यात यायची नाही. पण ओल्मान ऐकेना. एकुलता एक मुलगा, जीव तुटतो त्याचा. म्हणाला, "आई, आता तू आमच्याकडेच."

आमच्याकडे म्हणजे कार्तागोजवळ, एल ग्वार्कोच्या नव्या वसाहतीत. भिंतीवर बोटाने टकटक केलं, तर रिकाम्या डब्यासारखी वाजली. जिप्समची म्हणे. म्हणजे दोन पुठ्ठे आणि मधे हवा. दुपारी मी शिंकले, तर शेजारच्या घरातून कोणीतरी, शिंकेवर म्हणतात तसं, "जेसूस" म्हणालं. ती दोन्या फ्लोरी, म्हणजे फ्लोरीबाई. अशी आमची ओळख झाली.

सून ग्रेटेल दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस आहे. दिवसभर लोकांचे जबडे उघडे धरून उभी असते, म्हणून घरी आली की स्वतःचं तोंड बंद. मला तिच्या शिवणाची खोली दिली आहे. मशीन बाहेर व्हरांड्यात काढलंय, मुद्दाम, मला येताजाता दिसावं म्हणून.

सोबत आणलं ते एवढंच: कपडे, कॉफीची कापडी गाळणी, फ्रिजवर चिकटवायची नेग्रिता, म्हणजे आमची मरियामाता, आणि चाक.

चाक आमच्या बैलगाडीचं. गाडी गेली, बैल गेले, जोडीचं दुसरं चाक किड्यांनी खाल्लं. हे राहिलं. अखंड लाकडाचं, लोखंडी धावेचं, वरची चांदणी आणि पानं मी स्वतः रंगवलेली. ओल्मान आणि ट्रकवाला दोघांनी मिळून उतरवलं आणि दोघेही कमरेला हात लावून उभे राहिले. मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "हे चाक जिथे टांगलं जाईल, तिथे मी राहीन. व्हरांड्यात नाही, गॅरेजमध्ये नाही. घरात, भिंतीवर." ओल्मान आणि ग्रेटेलने एकमेकांकडे पाहिलं. ग्रेटेलला धडकी भरली असणार.

रविवार, ५ ऑक्टोबर

चर्चमधली मिस्सा झाल्यावर ओल्मानने शेजारून ड्रिल आणलं. बोटाएवढे लांब स्क्रू भिंतीत घातले, अगदी लोण्यात सुरी जावी तसे गेले. ग्रेटेल म्हणाली, "ओल्मान, आत काही आहे का ते आधी बघ ना." तो म्हणाला, "मला शिकवू नको." बरोबरच आहे. दातात भोक पाडणं वेगळं.

चाक सोफ्याच्या वर लागलं. फार सुंदर दिसत होतं. आम्ही समोर बसून कॉफी घेतली. ग्रेटेलची कॉफी मशीनमधली, पाणचट, कपाचा तळ दिसतो. ती पिऊन होते न होते तोच कापड फाटल्यासारखा आवाज झाला आणि चाक भिंतीचा ट्रेएवढा तुकडा घेऊन खाली आलं. सोफ्याचा हात मोडला. चाक मात्र चालू लागलं. बैठकीतून सरळ स्वयंपाकघरात गेलं आणि फ्रिजला टेकून थांबलं. इतक्या वर्षांनी चालायला मिळालं, त्याचा तरी काय दोष.

मी भोकातून आत पाहिलं. आत काही नाही. अंधार आणि एक वायर. माझ्या सुनेच्या घराला भिंती नाहीतच, नुसता पुठ्ठ्याचा देखावा आहे.

ओल्मान खाली बसून म्हणाला, "आई, या भिंती वजन धरत नाहीत. सिमेंटची भिंत असती तर एका दमात लावलं असतं."

ग्रेटेल केर काढत म्हणाली, "धरतील. मी विचारून बघते कोणाला तरी."

विचारून बघते म्हणे. घरातला पुरुष सांगतोय, आणि ही कोणाला विचारणार? केरही इतक्या भराभर काढत होती, जसं काही मनासारखं झालं.

बुधवार, ८ ऑक्टोबर

गॅस उघडा राहिला. त्यांच्या शेगडीला बटणं अशी आहेत की बंद आणि चालू सारखंच दिसतं. फ्लोरीला वास आला आणि ती धावत आली. काही झालं नाही. ओल्मान संध्याकाळी बराच वेळ माझा हात हातात घेऊन बसला, पांढराफटक झाला होता. ग्रेटेलने बटणावर लाल नेलपॉलिशचे ठिपके लावले. मला आंधळी समजते.

शुक्रवार, १० ऑक्टोबर

आज ओल्मान कामावरून लवकर आला आणि मला गाडीतून पाराइसोला फिरायला घेऊन गेला. एकटीला. ग्रेटेलला सांगितलंही नाही. याला म्हणतात आईवरचं प्रेम.

तिथे जोगिणींचं, म्हणजे चर्चच्या सिस्टर्सचं, एक मोठं घर आहे, जाड सिमेंटच्या भिंतींचं. ओल्मानच्या मित्राची आई तिथे असते म्हणे, तिला भेटायला गेलो, पण ती झोपली होती. मग सिस्टर एउलालिया नावाच्या जोगिणीने आम्हाला सगळं दाखवलं. बाग छान आहे, चायोटेचा वेल हिरव्या फळांनी भरलेला. म्हातारी माणसं खुर्च्यांवर ओळीने बसली होती आणि वेलाकडे बघत होती. ओल्मानने भिंतीवर मूठ आपटून दाखवली. "बघ आई, सिमेंट. इथे हत्तीसुद्धा टांगता येईल."

मी म्हटलं, "जागा चांगली आहे. ज्यांना कोणी नाही, त्यांची सोय होते बिचाऱ्यांची."

तो खोकला. मग विचारलं, "तुला आवडली?"

"आवडली की," मी म्हटलं. तो इतका खूश झाला की वाटेत मला मक्याची धिरडी घेऊन दिली, वर साय घालून. सिस्टरने माझं नाव, वय, दुखणीखुपणी सगळं विचारून लिहून घेतलं. फार आपुलकीची बाई.

रविवार, १२ ऑक्टोबर

आज जे झालं ते शांतपणे लिहिते.

सकाळी दूध काढायला गेले तर फ्रिजवर नेग्रिता नाही. ही माझी नेग्रिता म्हणजे लाकडाचा तळहाताएवढा तुकडा, त्यावर आमच्या काळ्या दगडाच्या मरियामातेचं चित्र, कार्तागोच्या मोठ्या चर्चच्या, बासिलिकेच्या, दारातून घेतलेलं. मागचा चुंबक लेचापेचा होता, म्हणून अनानियासने जुन्या स्पीकरमधला चुंबक काढून चिकटवला. तेव्हापासून फ्रिजवरून काढायला दोन हात लागतात.

सगळीकडे शोधली. आणि बैठकीत गेले तर ती भिंतीवर. कोऱ्या भिंतीवर, खिळा नाही, दोरा नाही. सोफ्याच्या वर, जिथे चाक पडलं त्याच्या थोडं बाजूला, शांत बसलेली.

चुंबक लोखंडाला चिकटतो हे मला कळतं, मी काही खुळी नाही. पण ही भिंत कागदाची आहे. आत काही नाही, मी स्वतः डोकावून पाहिलंय. कागदाला चुंबक कधी चिकटला आहे का?

मी गुडघ्यांवर बसले. मग उठून फ्लोरीला हाक मारली. भिंत पातळ असल्याचा हा एक फायदा. ती आली आणि तिनेही गुडघे टेकले. तेवढ्यात ग्रेटेल न्हाऊन बाहेर आली, आम्हाला पाहून लाल झाली आणि म्हणाली, "मी... ती..." डोक्याला टॉवेल गुंडाळून तशीच उभी राहिली. श्रद्धा नसलेल्या माणसाचं असंच होतं.

दुपारी मी देवीला परत फ्रिजवर ठेवलं. आज मी मक्याच्या तीन तोर्तिया जास्त खाल्ल्या.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

पुन्हा. फ्रिजवरून पुन्हा भिंतीवर, यावेळी थोडी उजवीकडे.

आता सांगायला नको. कार्तागोत शेंबड्या पोरालाही माहीत आहे: एका मुलीला रानात दगडावर ही मूर्ती सापडली, तिने घरी नेली, तर देवी परत दगडावर. पाद्रीबाबांनी पेटीत बंद केली, तरी परत दगडावर. तिला जिथे राहायचं असतं तिथे ती जाऊन राहते, कोणाच्या बापाचं ऐकत नाही. शेवटी तिथेच देऊळ बांधावं लागलं.

आणि आज आणखी एक. देवीला बाजूला केलं तर तिच्या खाली भिंतीवर बारीकसा क्रूस उमटलेला. करड्या रंगाचा, अगदी पेन्सिलीने काढल्यासारखा. फ्लोरीने त्याचं चुंबन घेतलं आणि तिचे ओठ करडे झाले. ते तिने दिवसभर पुसले नाहीत.

गल्लीतल्या आणखी चौघी आल्या. मी सगळ्यांना गुळाचं पाणी केलं. या घरात आल्यापासून माझ्याकडे कोणी पाहुणं आलं ते आज.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आता भिंतीवर तीन क्रूस आहेत, एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर. फ्लोरी म्हणते, येशूला खिळलं त्या कालव्हारीच्या टेकडीवरचे तीन क्रूस. मला हे आधी सुचायला हवं होतं.

ओल्मान वैतागला आहे. "आई, ऑफिसातसुद्धा विचारतात मला, देवी आज कुठे बसली म्हणून." तो माझ्या काळजीनेच बोलतो. त्याला वाटतं एवढ्या बायका आल्या की मला दगदग होते.

ग्रेटेलचं काहीतरी चाललंय. काल तिच्या बाहीला आणि कोपरांना पांढरं पीठ होतं. ही बाई पाव विकत आणते, तोर्तिया विकत आणते, आणि कोपरापर्यंत पीठ? कुठेतरी चोरून काहीतरी भाजते आणि आम्हाला वास लागू देत नाही. माझ्यासाठी मात्र मऊ पाव आणते. म्हणजे मला दात नाहीत हे दाखवायचं. दातांच्या दवाखान्यात काम करते आणि हे असले टोमणे.

आज दाराआडून बोलणं ऐकू आलं. दाराआड कसलं, भिंतच ती. ओल्मान म्हणत होता, "जागा किती दिवस राखून ठेवतील? पुढच्या शनिवारपर्यंत सांगायचंय." ग्रेटेल म्हणाली, "नाही म्हणजे नाही. आधी मला प्रयत्न करू दे."

माझा बिचारा मुलगा आईच्या चाकासाठी कुठेतरी जागा मिळवतोय, आणि ही बया नाही म्हणते. मी दोन माळा जपल्या, एक त्याच्यासाठी आणि एक हिला सुबुद्धी मिळावी म्हणून.

मंगळवार, २१ ऑक्टोबर

आजचं सगळं लिहून ठेवते.

जपमाळेला फ्लोरीकडे गेले तर तिला पडसं झालेलं, माळ रद्द. लगेच परत आले. दार उघडलं तर ग्रेटेल स्टुलावर उभी. हातात माझी नेग्रिता. तिला भिंतीवरून हळूहळू फिरवत होती, इस्त्री फिरवावी तशी. एका ठिकाणी देवी टक् करून चिकटली. ग्रेटेलने कानामागची पेन्सिल काढली आणि तिच्या खाली फुली मारली.

माझा क्रूस.

तिने मागे पाहिलं आणि स्टुलावरच बसली. "दोन्या ओदिली. तुम्ही जपमाळेला गेला होतात ना?"

"फ्लोरीला पडसं झालंय. देवीला कुठे निघालीस घेऊन?"

मग तिने सांगितलं. या भिंतीच्या आत ठरावीक अंतराने पत्र्याच्या उभ्या पट्ट्या असतात, जमिनीपासून छतापर्यंत. त्यांना पुठ्ठा स्क्रूने ठोकलेला असतो. वरून रंग, म्हणून दिसत नाही. चुंबक त्या स्क्रूला धरतो. ओल्मानने चाक लावलं ते नेमकं दोन पट्ट्यांच्या मधे, पोकळीत. आणि पट्टीतसुद्धा नुसता स्क्रू टिकत नाही, पत्रा पातळ असतो. पंखाचे बोल्ट लागतात. मिटलेले पंख भोकातून आत घालायचे, आत गेले की ते उघडतात आणि पत्र्याला मागून मिठी मारतात. आणि तीनही पट्ट्यांवर मिळून एक आडवी जाड फळी, म्हणजे वजन वाटलं जातं. फळी तिच्या पायाशी उभी होती. भोकं पाडून तयार. कोपराला तेच पांढरं पीठ, लाकडाचा भुसा.

"हे तुला कोणी सांगितलं?"

"दाढ काढायला एक मिस्त्री आला होता. तोंड उघडं होतं तोवर काही बोलला नाही, नंतर गाल सुजलेला असताना सगळं कागदावर काढून दाखवलं."

"मग मला का नाही सांगितलंस? दहा बायका इथे पेन्सिलीचं चुंबन घेऊन गेल्या."

ती खाली बघत म्हणाली, "पहिल्या दिवशी मी देवीला तिथे विसरले. सांगणार होते. पण तुम्ही दोघी गुडघे टेकून बसला होतात. आणि त्या दिवशी तुम्ही इथे पहिल्यांदा पोटभर जेवलात. मला सांगवेना."

मग ती म्हणाली, "आज लावून टाकू या, दोन्या ओदिली. शनिवारच्या आत लागायला हवं. तुम्हीच म्हणाला होतात, चाक टांगलं जाईल तिथे राहीन."

"शनिवारी काय आहे?"

ती फळीवरचा भुसा झटकू लागली. पण आता मला विचारायची गरज नव्हती. चायोटेचा वेल. सिमेंटची भिंत. माझं नाव लिहून घेणारी ती आपुलकीची सिस्टर. जागा किती दिवस राखून ठेवतील. एकामागून एक सगळं डोळ्यांपुढे आलं, आणि मीच म्हणाले होते की आवडली. धिरडी खात खात म्हणाले होते.

आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी सोफ्याच्या मोडक्या हाताशेजारी बसले आणि रडले. ग्रेटेलपुढे रडायचं नव्हतं. तिने पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "तो वाईट नाही. गॅसच्या दिवसापासून घाबरलाय. झोपेत उठून शेगडी बघून येतो."

"आणि तू घाबरली नाहीस?"

"मी ठिपके लावले," ती म्हणाली.

मग आम्ही चाक लावलं. बोल्ट तिने घातले. पण चाक वर कसं न्यायचं याचा तिने विचारच केला नव्हता, फक्त फळीचा केला होता. मी अनानियासबरोबर चिखलात अर्ध्या वाटेत चाकं बदललेली बाई आहे. सोफा सरकवून तिथे जेवणाचं टेबल आणलं, त्याला पलंगाची फळी तिरकी लावली, तिच्यावरून चाक ढकलत वर नेलं, खाली दर वितीला उशी सरकवली. ती म्हणाली, "कंबर मोडेल तुमची." मी म्हटलं, "मोडली तर शनिवारी नेतीलच." ती हसली. या घरात आल्यापासून तिचं हसणं मी आज ऐकलं, आणि दात चांगले आहेत तिचे.

फळीत लोखंडी पाइपचा आखूड तुकडा बसवला होता. त्यावर चाकाची मधली पोकळ तुंबी सरकली आणि बसली. आम्ही दोघी मागे सरकलो आणि वाट पाहिली. कापड फाटल्याचा आवाज आला नाही.

मी ग्रेटेलबद्दल वर काय काय लिहिलंय ते आज वाचलं. खोडणार नाही, पान घाण होतं. पण ते खरं नाही.

बुधवार, २२ ऑक्टोबर

काल रात्री ओल्मान आला, चाकाकडे बघत उभा राहिला. दोन्ही हातांनी धरून ओढून पाहिलं. हललं नाही. "फार छान," म्हणाला, आणि चेहरा मात्र दाढ दुखत असल्यासारखा.

मी ताकास तूर लागू दिली नाही. तोच जेवताना म्हणाला, "आई, शनिवारी जरा पाराइसोला जाऊ. तिथे तुझं नाव लावलंय. एकच आठवडा राहून बघ. आवडलं नाही तर परत. तू दिवसभर घरात एकटी, काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नाही." डोळ्यांत खरंच पाणी होतं. राग यावा तर धड येऊ देत नाही, असा मुलगा.

"आणि चाक?" मी विचारलं.

"ते मग नेऊ. तिथल्या भिंती सिमेंटच्या आहेत."

ग्रेटेलने ताटलीत चमचा आपटला. मी म्हटलं, "जाऊ या. बघायला काय हरकत आहे." ग्रेटेल माझ्याकडे बघतच राहिली.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

सकाळी भूकंपाचा छोटा धक्का बसला. कपबशा वाजल्या, इतपतच. मी खोलीत होते. आणि बैठकीतून आवाज आला, टाक, टाक, टाक. तुंबी पाइपवर आपटत होती.

अनानियासची गाडी अशीच वाजायची. प्रत्येक गाडीचा आवाज वेगळा असतो, आमची जरा खर्जात. खालच्या वळणावरून ऐकू यायची, की मी कॉफीचं पाणी चुलीवर ठेवायचे. तो दारात पोचेपर्यंत कॉफी तयार.

धक्का थांबला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते आणि शेगडीवर पाणी ठेवलेलं होतं. कधी उठले, कधी ठेवलं, मला माहीत नाही. गॅसचं बटण लाल ठिपक्यावर बरोबर होतं. मी तिथेच उभी राहून त्याला म्हटलं, आलास का.

शनिवार, २५ ऑक्टोबर

सकाळी निघताना ओल्मानने माझी बॅग गाडीत ठेवली. मी नेग्रितेला फ्रिजवरून दोन्ही हातांनी काढलं आणि शालीत गुंडाळून मांडीवर घेतलं. ग्रेटेल सुट्टी काढून आली होती, मागे बसली. इरासूच्या ज्वालामुखीवर धुकं होतं.

सिस्टर एउलालियाने खोली दाखवली. स्वच्छ. खिडकीतून चायोटेचा वेल. पलंग, कपाट, खुर्ची.

मी म्हटलं, "सिस्टर, खोली चांगली आहे. पण आधी देवीला विचारू दे. ती माझ्या मुलाच्या घरी भिंतीवर आपली आपण जाऊन बसली, अख्ख्या गल्लीने पाहिलंय. तिला जिथे राहायचं तिथे मी राहणार. ओल्मान, खरं की नाही?"

"खरं आहे," ओल्मान म्हणाला. दुसरं काय म्हणणार? त्यानेही पाहिलं होतं. गेल्या आठवड्यात तर मी बघत नाही असं समजून त्याने तिच्यापुढे क्रूसाची खूण केली होती.

मी शाल सोडली आणि नेग्रितेला पलंगाच्या वरच्या भिंतीवर ठेवलं. हात काढला. ती घसरून उशीवर पडली.

पुन्हा ठेवलं. पुन्हा पडली. खिडकीजवळ, दाराजवळ, आरशाजवळ. त्या जाड, पक्क्या भिंतीला तिने पाठ लावून घेतली नाही.

सिस्टर म्हणाल्या, "सेलोटेप देऊ का?"

"देवीला सेलोटेप?" मी म्हटलं. सिस्टर वरमल्या आणि त्यांनी क्रूसाची खूण केली.

ओल्मान घामाघूम झाला होता. इकडेतिकडे पाहून म्हणाला, "आई, पलंगाच्या कडेला लावून बघू या का? किंवा कपाटाला?"

मी त्याच्याकडे असं पाहिलं की तो बारा वर्षांचा असल्यासारखा गप्प झाला. "नेग्रिता काय पलंगाला लावायची वस्तू आहे? तुझ्या बापाने ऐकलं असतं तर काय म्हणाला असता?"

तो खुर्चीवर बसला. बराच वेळ उशीवर पडलेल्या देवीकडे बघत राहिला. मग उठला, माझी बॅग उचलली, आणि सिस्टरना म्हणाला, "माफ करा. घरी नेतो." दारात जाताना माझ्या खांद्यावर हात ठेवला, आणि मला वाटतं त्यालाही सुटल्यासारखं झालं. मी त्याच्यावर अजून रागावलेली आहे. बहुतेक नाताळापर्यंत राहीन. पण गाडीत मी त्याला सांगितलं की शेगडीजवळ एक घंटी बसव, वास आला की वाजते ती, फ्लोरीच्या पुतणीकडे आहे. तो म्हणाला, "आजच आणतो."

घरी आल्यावर मी नेग्रितेला चाकाखाली, मधल्या पट्टीवर लावलं. टक्. ओल्मान समोर उभा होता. त्याने टोपी काढली.

तो घंटी आणायला गेला. ग्रेटेल कपड्यांची बॅग रिकामी करत होती. पाठ माझ्याकडे करून हळू आवाजात म्हणाली, "दोन्या ओदिली, तिथला पलंग लोखंडी होता ना?"

"होता."

"आणि कपाट?"

"तेही."

घड्या घालता घालता तिचे खांदे हलायला लागले. हसू आवरेपर्यंत तिने तोंडावर माझीच शाल धरली, कारण भिंतीपलीकडे फ्लोरी होती. मग डोळे पुसून म्हणाली, "कॉफी ठेवू?"

मी म्हटलं, ठेव, पण माझ्या गाळणीतून. आणि जरा दाट कर.